बद्द

पुन्ता अरेनासला वाऱ्याची तक्रार कुणी करत नाही.
टोपी उडाली तर म्हणतात, जाऊ दे,
सामुद्रधुनीपलीकडे पोर्वेनीरला
कुणाच्या तरी डोक्याला ती बसेल.

माझा बाप, दानिलो वुकासोविच, फेरीबोटींच्या गोदीत
एकवीस वर्षं हातोडीनं पत्रे वाजवत होता.
टण्, टण्, टण्, आणि एकदम थांबायचा.
पुन्हा तिथंच, हलक्या हातानं.
बद्द.
तिथं खडूनं गोल काढायचा, आणि तेव्हा
त्याच्या तोंडावर जे यायचं
ते आम्ही नाताळातही पाहिलं नव्हतं.

घरी तो किरकिऱ्या ठरलेला.
आई म्हणायची, आभाळ बघ कसं केशरी झालंय.
तो म्हणायचा, पन्हळ गळतेय.
ताईच्या लग्नात फोटोवाला ओरडत राहिला, इकडे बघा, इकडे,
आणि हा टेबलाखाली वाकून
डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतोय.
फोटोत त्याच्या जागी खुर्चीवर नुसता कोट आहे.

मग त्याला बढती मिळाली.
काचेची खोली, फिरती खुर्ची,
भिंतीवर पुढच्या पाच वर्षांचा बाण, वर चढत गेलेला.
दर सोमवारी तेरा माणसांपुढे उभं राहून
गोदीचं स्वप्न सांगायचं.
बापाला स्वप्नं पडत नव्हती असं नाही,
पण त्यांना कुठं कुठं गंज असायचा
आणि तो नेमकं तेवढंच सांगायचा.

पगार वाढला. नवी शेगडी आली.
तिच्यासमोर बसून तो चमच्यानं टेबल वाजवायचा,
बशी वाजवायचा, स्वतःचा गुडघा.
डॉक्टरांनी रक्त पाहिलं, छाती पाहिली,
सगळं खणखणीत निघालं.

आई म्हणाली, माणसानं मोठं बघावं,
बारीकसारीक बघून कुणाचं भलं झालंय?
आईचं लोकरीचं दुकान. वही नाही, यादी नाही,
मोजे एकीला दाखवायचे, सासूची चौकशी दुसरीकडे,
आणि तिसरी पैसे न देताच निघून गेलेली.
संध्याकाळी गल्ला कसाबसा जुळायचा,
आई मात्र तुडुंब भरलेली.
ती खोटं बोलत नव्हती.
तिचं भलं मोठं बघूनच झालं होतं.

ऑगस्टात एका दुपारी बाप खाली उतरला,
टाय खिशात कोंबलेला.
हातोडी एलादिओ नावाच्या पोराच्या हातात होती.
म्हणाला, दे. बस, एवढंच.
पुढच्या महिन्यापासून पगार जुना,
आणि दोन आठवडे आई मुकी.
तिसऱ्या आठवड्यात तो दारातूनच ओरडला,
रोसाउरा, पन्हळ गळतेय!
घरी पत्र आल्यासारखा आवाज होता तो.
आईनं हातातलं विणकाम खाली ठेवलं,
त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं,
आणि शिडी धरायला बाहेर गेली.

मी सोळाची असताना त्यानं मला गोदीत नेलं होतं.
हातोडी दिली. मी दिवसभर वाजवलं.
मला सगळंच टण् ऐकू आलं.
संध्याकाळी रडू आवरत म्हटलं, मला नाही येत.
तो रागावला नाही. खडूचे हात विजारीला पुसत म्हणाला,
तुला पत्रा कळत नाही.
पण परवा शेजारची इल्दा ‘बरी आहे’ म्हणाली
तेव्हा तू शाळेला न जाता तिच्याकडे जाऊन बसलीस.
मला तर ती बरीच वाटली होती.

मी आता बंदराच्या रेडिओवर रात्रपाळी करते.
आकडे चुकवते, नोंदी उशिरा लिहिते,
साहेब दर महिन्याला लाल शाईत सुनावतात.
काल पहाटे तीन वाजता, चॅनेलच्या खरखरीतून,
एका मच्छीमार बोटीचा कप्तान म्हणाला,
सगळं ठीक. वारा नेहमीचा.

मी पेन्सिल खाली ठेवली.
म्हटलं, पुन्हा बोला.