दावा क्रमांक ४०७११९

ग्रीन बेच्या बाहेर, मक्याच्या शेताला लागून
एका बसक्या इमारतीत मी लिफाफे फोडते.
कंपनी दर हंगामाला वेगळी, गोष्ट तीच :
कुणीतरी फुगवून सांगितलेलं असतं,
कुणीतरी खरं मानलेलं असतं,
आणि दोघांच्या मध्ये आता
माझा पिना उपटायचा चिमटा.

हॅलव्हर्सन मेडिकलचे अर्ज मार्चभर येत राहिले.
गुडघ्याच्या वाट्या बनवणारे लोक.
काही वाट्या सैल पडत होत्या,
ते त्यांनी तीन वर्षं कपाटात ठेवलं.
मग एका मंगळवारी शेअर
एक्केचाळीसवरून नऊवर आला.

तिचा अर्ज निळ्या शाईतला.
लेम्पी करवोनेन, डुलुथ, वय एक्क्याऐंशी.
एकशे चाळीस शेअर, नवऱ्याने घेतलेले.
टोइव्हो. मयत. दाखला सोबत.
ब्रोकरची पावती सोबत, घडीवर फाटलेली.
आणि समासात, जिथे काही लिहू नये असं छापलंय, तिथेच :
‘बाई असाल किंवा बुवा, खरं सांगा,
हे भरून काही फायदा होतो का?
झेरॉक्सलाच चार डॉलर गेले.
लायब्ररीच्या पायरीवर बर्फावरून घसरले, ते वेगळं.
टोइव्होचा डावा गुडघा याच कंपनीचा.
म्हणाला, जे माझ्यात आहे ते थोडं विकतही घेऊ.
त्याची वाटी शेवटपर्यंत टिकली हो.
ती त्याच्याबरोबरच गेली.’

ऑर्विल म्हणाला, सल्ला देणं आपलं काम नाही,
तू खूण कर आणि पुढचा घे.
मी खूण केली.
तिला सांगितलं नाही की
न भरणाऱ्यांनाही यात धरलेलंच असतं,
गप्प बसलेला माणूसही ‘मान्य’ म्हणाला असं समजतात,
फक्त त्याला टपाल येत नाही.
सांगितलं नाही की यादीत पहिलं नाव
अग्निशामकांच्या पेन्शन फंडाचं आहे,
त्यांचे आकडे लांबलचक, त्यांना परवडतं भांडणं.

तिचं गेलं चार हजार चारशे ऐंशी.
चार कोटी ऐंशी लाखांवर तडजोड झाली,
कंपनीने काहीही कबूल न करता.
त्यातून वकिलांचे तीस टक्के,
तज्ज्ञांचे, टपालाचे,
या ट्यूबलाइटचे,
माझ्या पगाराचेही त्यातलेच.
सोळा महिन्यांनी चेक निघाला :
सव्वीस डॉलर अठरा सेंट.
दहाच्या आत आला असता तर तोही नाही,
तसा नियम आहे.

मला वाटलं, नाही वटवणार.
पुष्कळ जण नाही वटवत.
कुणी रागाने, कुणी विसरून,
कुणी तोवर टोइव्होकडे गेलेले असतात.

नोव्हेंबरात पत्र आलं. तीच निळी शाई.
‘चेक वटवला. ट्राउटचं सूप केलं,
साय जरा जास्तच घातली, दोन वाडग्यांत वाढलं.
दुसरा वाडगा मीच संपवला, रात्री.
आता एक विचारते.
ते एकशे चाळीस मी कधी विकलेच नाहीत.
म्हणजे कंपनी थोडी माझीच ना?
मग मला पैसे दिले कुणी?
एका खिशातून काढून दुसऱ्यात ठेवले,
आणि वाटेत कुणी पोटभर जेवलं का?
रागावले नाहीये. नुसतं विचारते.
कुणीतरी माझं नाव बरोबर लिहिलं,
करवोनेन, क ने सुरू होणारं, एकही अक्षर न चुकवता.
बँकेला ते तीस वर्षांत जमलं नाही.’

मी पूर्ण अर्ज पुन्हा चाळला.
खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, शिल्लक, सही.
तिच्या प्रश्नाला रकाना नव्हता.
‘इतर’मध्ये लावून ठेवलं.

घरी माझ्या फ्रीजवर, टोमॅटोच्या चुंबकाखाली
अशीच एक नोटीस आहे, दुसऱ्याच कंपनीची.
मुदत शुक्रवारची.
अकरा शेअर. किती येतील ते
मला झोपेतही काढता येतं.
येणारच नाहीत.

गुरुवारी सगळे गेल्यावर
मी झेरॉक्सचं मशीन पुन्हा चालू केलं.
इथे ते फुकट आहे.