सपरीपर्यंत

खेळानं पहिल्याच रात्री मागितला
आख्खा फोन.

फोन यादोराव गेडामचा. त्यात
सातबाऱ्याचा फोटो, पासबुकाचं पहिलं पान,
म्हशीचा सुजलेला पाय, डॉक्टरला दाखवायला काढलेला,
आणि सांदवाडीतला बायकोचा एक, तिला नकळत.
मी म्हटलं, पाहुणा आहेस,
सपरीत बैस. पाणी देतो, पाट देतो.
आत नाही.

(सिंदेवाहीच्या बसस्टॉपमागे माझं दुकान.
दिवसा रिचार्ज, स्क्रीनगार्ड. रात्री हे.)

एकच फोल्डर दिला त्याला. सांगितलं, हेच जग.
त्याला पटलं. जुने खेळ भोळे असतात;
हा अजून समजतो, आपण कॅसेटमध्येच आहोत,
पोटात बटणाएवढा सेल आहे.
तरी कधी दोन टिंबं टाकून बघतो:
एक पायरी वर. अजून एक.
मी पायऱ्या मोजू देतो
आणि होता तिथेच उतरवतो.

चूक दुसरीकडेच होती.
यादोरावचा संघर्ष, वय नऊ,
अकरा दिवसांत पुलापाशी पोचला.
सेव्ह दाबलं, आणि दोन टक्क्यांवरचा फोन मेला.
मी जुन्याच फाइलवर नवं लिहीत होतो,
आधी पुसून.
पुसणं झालं होतं.

पोरगा रडला नाही. दुकानात आला,
फोन काउंटरवर ठेवून म्हणाला,
"भाऊ, मी कुठं गेलो?"

मागून त्याची आई, हातात मिठाची पुडी:
"इतकं शिकले तुमी, अन् एवढं नाई समजत?
नवं धान घरात पडेस्तोवर
जुनी ढोली झाडाची नसते."

आता नवं शेजारच्या फाइलीत लिहितो.
खरंच उतरलं का, फोनला दोनदा विचारतो,
पहिल्यांदा तो हो म्हणतो, खोटंच.
मग फक्त नाव बदलतो.
त्याच्या आधी जुनं, त्याच्या नंतर नवं,
मधे उभं राहायला जागाच नाही.

संघर्षनं त्याच्या पद्धतीनं तपासलं.
सेव्ह दाबलं, मागचं झाकण उघडलं,
बॅटरीच काढली.
फुंकर मारली. परत घातली.
आम्ही दोघं पडद्याकडे. लोगो. काळं. लोगो.

पूल होता. पुलावर तो होता.
तोंड मात्र मागे, जिकडून आला तिकडं.

दिशा लिहायची राहिली होती माझी.
"राहू द्या," तो म्हणाला,
आणि स्वतःच वळला.