नववी, भूगोल, तिसरा तास

बोर्डाच्या मधोमध एक रेघ ओढते.
डावीकडे लिहिते: ढकलणारी कारणं.
उजवीकडे: ओढणारी.
खिडकीबाहेर लिंकनशरची सपाट जमीन,
कोबीच्या रांगा पट्टीनं आखल्यासारख्या,
आणि बॉस्टनच्या चर्चचा मनोरा.
त्याला इथले लोक स्टम्प म्हणतात, म्हणजे खुंट.
मैलोगणती दिसतो.
दावं कितीही लांबलं तरी दिसतो.

उग्नेचा हात नेहमीप्रमाणे आधी वर.
"मिस, पानेवेझिसचा कारखाना बंद पडला, ते कुठे लिहू?"
डावीकडे.
"आणि मावशी आधीच इथे होती, ते?"
उजवीकडे. याला म्हणतात साखळी स्थलांतर.
ती वहीत खरोखरच साखळी काढते, कडीत कडी,
शेवटच्या कडीत एक मांजर.
ते तिकडेच राहिलं, विचारायच्या आधीच सांगते.

नेलिओचा बाप दिलीहून लिस्बनला,
लिस्बनहून पीटरबरोला, तिथून इथे,
पहाटे चारच्या मिनीबसमध्ये, डॅफोडिल खुडायला.
टप्प्याटप्प्यानं स्थलांतर, मी व्याख्या सांगते.
नेलिओ मान हलवतो:
"टप्पा नाही, मिस.
बाबा प्रत्येक गावी म्हणाले, हे शेवटचं."

परतीचं स्थलांतर पुढच्या सत्रात आहे.
तोवर सगळ्यांच्या घरी
आणखी दोनच वर्षं, आणखी दोनच वर्षं.

विल्फ एप्टनचा कागद कोरा.
"आम्ही कुठेच गेलो नाही."
सात पिढ्या त्याच चिखलात नांगर.
बहीण तेवढी ऑस्ट्रेलियात, पर्थला;
आई अजून रविवारी एक ताट जास्त मांडते
आणि मग काही न बोलता उचलते.
कोपऱ्यावरच्या खाटकाच्या दुकानात आता
काकडीच्या बरण्या, नावं वाचता न येणारी.
"बरी लागतात तशी," तो म्हणतो,
जरा रागानंच.
मी पुस्तक चाळते.
जागच्या जागी राहूनही ज्यांचं गाव निघून गेलं
त्यांच्यासाठी रकाना नाही.

"मिस, तुम्ही?"

मी? नवऱ्याची नोकरी, हॉस्पिटलात, एक्स-रे विभाग.
पण ते कुठलं कारण? मला कुणी ढकललं नाही.
आणि ओढलं, असंही नाही.
मी सामान भरलं, एवढं आठवतं.

पारोळ्याहून चाळीसगावला आई आली
ती दोनेक तासांच्या एसटीनं.
ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं
तिचं नवं नाव लिहिलं.
जुनं नाव त्याच तांदळात मिसळलं असेल.
खानेसुमारीवाल्यानं विचारलं, इथे कधीपासून? कारण?
बाबांनी दारातूनच सांगितलं: लग्न.
ओढणारं की ढकलणारं, त्यानं विचारलं नाही.
आई आत भाकरी थापत होती,
तिलाही नाही.

यांना कसं सांगू की माझ्या भाषेत
ओढ म्हणजे खेचणंही आणि झुरणंही,
एकच शब्द दोन्ही टोकांना धरलेला;
की अंतर मोजतात मैलांत,
आणि अंतर देतात माणसाला,
आणि अंतरातलं कुणी बोलत नाही.
उग्ने विचारेल, मिस, मग ते डावीकडे की उजवीकडे?

विल्फ अचानक विचारतो,
"ईलचं काय?"
त्याचे आजोबा पाणी काढायच्या चरांत ईल धरायचे.
तो मासा येतो कुठल्याशा लांबच्या समुद्रातून,
बोटाएवढा, काचेसारखा,
वीस-वीस वर्षं याच गढूळ पाण्यात काढतो,
आणि एका रात्री निघतो परत.
"त्याला कोण सांगतं?"
वर्ग हसतो. नेलिओ हसत नाही.

घंटा होते. कागद गोळा करते.
विल्फच्या कागदावर एकच शब्द: आहोत.

बोर्ड पुसते. कारखाना जातो, मावशी जाते,
डॅफोडिल, लिस्बन, सगळं जातं.
मधली रेघ तेवढी जात नाही.
चुकून पक्क्या शाईच्या पेननं काढली होती.
पुढचा तास गणिताचा.
सर आत येतात, तिच्याकडे बघतात,
आणि तिच्या दोन्ही बाजूंना
मुकाट्यानं आकडे मांडू लागतात.