शनिवारच्या वीस

शहरात पुढं काय होणार आहे
ते मला पेपरच्या आधी कळतं,
खुर्च्यांवरून.

आठशे म्हणजे इंदोऱ्यात भीमगीतांचा सामना,
दोन पार्ट्या समोरासमोर, रात्रभर,
आणि आठशे भरूनही पोरं भिंतीवर चढलेली असणार.
ऐंशी, पांढऱ्या कव्हरच्या, मागं लाल फीत बांधून :
हनुमाननगरातले निवृत्त बँकवाले कराओके म्हणणार,
त्या ऐंशीतले साठ गायक.
मोमिनपुऱ्याचे अन्सारीसाहेब खुर्च्या घेतच नाहीत.
गाद्या, लोड,
आणि "दस कुर्सियाँ बस, घुटनेवालों के वास्ते."
मुशायऱ्यात पहाटेचे तीन वाजले की
त्या दहाही रिकाम्या,
गुडघे विसरून सगळे खाली.
वडशाहून झाडीपट्टीचं नाटक येतंय नंदनवनात;
तिथल्या खुर्च्या परत येतात तेव्हा
त्यांच्यावर दव असतं, शेंगांची टरफलं असतात
आणि एकदा, खरं सांगतो,
एक झोपलेलं पोरगं होतं.

बाकी डिसेंबर सरकारचा.
अधिवेशन आलं की पोलीस, उपोषणवाले, साखळीवाले
सगळ्यांना खुर्च्या माझ्याच.
मोर्च्याचं भाडं मार्चमध्ये येतं.
आलं तर.

काल गिरजाबाई धकाते आल्या,
गोळीबार चौकातून, पायी.
"भाऊ, शनिवारी वीस खुर्च्या पाहिजे."
लग्न?
"नाही."
तेरवी?
"नाही बाप्पा! काहीही बोलता."
पिशवीतून वहीचा कागद काढला,
शेजारच्या पोरीनं स्केचपेननं लिहिलेला :
मागावरची गाणी. साडेसहा वाजता.
धकाते यांचे घरी. चहा मिळेल.

सात बाया म्हणणार आहेत.
बारा वर्षं बंद पडलेला माग
त्यांनी तेल घालून सुरू केलाय,
लुगड्यासाठी नाही, ठेक्यासाठी.
"तबलेवाला तीन हजार म्हणे," गिरजाबाई म्हणाल्या,
"धोटा फुकट."

मी डायरी उघडून दाखवली.
शनिवार पार काळा झालेला.
एकही नाही, बाई.
त्या उठल्या नाहीत.
बसल्या होत्या त्या खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाल्या,
"हे एक तं आहे न."

संध्याकाळी मी धरण्याच्या मंडपात गेलो.
अंगणवाडीच्या बाया, भिवापूरच्या, कुहीच्या, मौद्याच्या,
अकरावा दिवस.
माझ्या तीनशे खुर्च्यांवर स्वेटर बसले होते,
डबे, पिशव्या, एकीवर भोंगा.
बाया खाली, एकमेकींना टेकून.
पुष्पकला गेडाम यांचा आवाज बसलेला,
तरी मला पाहून आधी त्याच बोलल्या,
"बिलासाठी आले का?"
नाही, म्हटलं. शनिवारी वीस खुर्च्या न्यायच्या होत्या.
"काऊन?"
गाण्यासाठी, म्हटलं,
आणि मलाच जरा लाजल्यासारखं झालं,
समोर मागण्यांचा एवढा मोठा फलक.

त्यांनी माईकवरूनच मंडपाला विचारलं.
मागून कुहीकडची एक उठली.
"माझी माय कांड्या भरे," म्हणाली,
"भरता भरता म्हणे..."
आणि एक ओळ म्हणून दाखवली.
पुढची आठवेना.
पुन्हा पहिलीच म्हणाली.
कोणी हसलं नाही.

"न्या वीस," पुष्पकलाबाई म्हणाल्या.
"पण आमच्यातल्या पाच-सहा जणी येतीन.
चालन का?"

रात्री डायरीत लिहिलं :
शनिवार. धकाते, गोळीबार चौक. वीस.
भाड्याच्या रकान्यात : चहा.
मग वीसचे सव्वीस केले.
मग तेही खोडलं,
त्या काही खुर्चीवर बसायच्या नाहीत.
खाली लिहिलं,
सतरंजी एक. मोठी.