पंपाचं भोक

रात्री ट्रकखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता,
फ्रिजच्या खोक्याचा.
सकाळी त्यावर हिरवा डाग, बशीएवढा.
बोट बुडवून वास घेतला: गोडसर,
पाक जरा पुढे गेल्यावर येतो तसा.
मांजराला आधी घरात कोंडलं. याच गोडीनं मरतात ती.

शहाऐंशी सालचा फोर्ड. लायल हॉस्टेटलरकडून घेतला,
बीटचा हंगाम संपल्यावर, नऊशे डॉलरला.
"थोडं पितो अधूनमधून," तो म्हणाला होता,
स्थळाबद्दल सांगावं तशा सुरात.

स्कॉट्सब्लफचा नोव्हेंबर. वारा
गॅरेजच्या दाराखालून येतो, स्पॅनर हातात धरवत नाहीत.

रेडिएटर कोरडा.
होज दाबून पाहिले, क्लॅम्पखाली नख घातलं.
केबिनमधला गालिचा चाचपला; हीटरचा दोष नाही.
डिपस्टिक काढली: तेल काळंच, ताकासारखं नाही,
म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. इथं मी हुश्श केलं.
मग टोपीच्या जागी टेस्टर बसवून दाब देत गेले.
तेरा पौंड. काटा थांबला.
चहा टाकून परत आले तर नऊ.

पंखा धरून हलवला.
हलला, दुधाच्या दातासारखा.

वॉटर पंपाच्या पोटाखाली एक भोक असतं,
कंपनीनंच पाडलेलं.
सील गेलं की पाणी तिथून ठिबकावं,
बेअरिंगला लागू नये, मालकाला वेळीच कळावं.
आरसा धरला, टॉर्च धरला.
भोक नव्हतं.
तिथं एम-सीलसारखं काहीतरी करडं, अंगठ्यानं दाबलेलं,
ठसा अजून स्पष्ट, रेषांसकट.
आणि पाणी बेअरिंग खाऊन पुलीमागून निघालेलं.

लायलला फोन केला. भांडायलाच.
बराच वेळ पलीकडे नुसता टीव्ही.
मग म्हणाला, त्या वर्षी दर आठवड्याला डेन्व्हरला जायचो,
लोरेनच्या केमोला.
पंप उतरवायचा म्हणजे ट्रक दोन दिवस उभा.
"बुजवलं. पोचलो."
किती फेऱ्या, मी विचारलं नव्हतं.
एकतीस, तो म्हणाला.

नवा पंप चौऱ्याहत्तर डॉलर, गॅस्केटचे वेगळे.
एक बोल्ट मुंडी सोडून आत राहिला,
तो काढण्यात दुपार गेली, आणि डाव्या हाताची साल.
जुना पंप भंगारात टाकायचा होता.
सध्या बाकावर आहे.

पाणी भरलं. हवा काढली. इंजिन चालू ठेवून
काटा मध्यावर येईपर्यंत उभी राहिले.
मग तोच पुठ्ठा उलटा करून,
कोरी बाजू वर,
परत खाली सरकवला.