परत कुठे कराल

वेलासच्या बंदरावर आमचं ऑफिस:
सात गाड्या आणि एक खिडकी.
एकोणीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला.
पाहुणे येतात, विमानाने दडे बसलेले कान घेऊन,
मी त्यांच्यापुढे कागदावरची गाडी सरकवते,
चारी बाजूंनी सोलून सपाट केलेली, संत्र्यासारखी,
आणि फुल्या मारत जाते:
हा ओरखडा जुना. हा पोचा जुना.
हा आरसा गायीने मोडला, तोही जुनाच.
सही इथे.

आज मी खिडकीच्या बाहेर.
म्हणजे घरीच, स्वयंपाकघरात,
मुलीने टाकून दिलेल्या लॅपटॉपपुढे, ज्याची एक कळ रुसलेली आहे.
शेजारी एवारिश्तू, दुधाचा टँकर लावून आत्ताच आलेला,
शर्टाला चीजच्या कारखान्याचा आंबूस वास.

सप्टेंबर. आइसलँड. नऊ दिवस.
बर्फ म्हणजे मासळीच्या खोक्यातला, एवढंच त्याला माहीत.
डोंगराएवढा बर्फ इंचाइंचाने चालतो,
हे त्याला न्हाव्याकडे कुणीतरी सांगितलं
आणि दोन हिवाळे तो तेच धरून बसलाय.
चालतो म्हणजे कसा चालतो, गराशियेते?
मला काय माहीत. बघू.

गाडीचं भाडं ठीक आहे.
मग विम्याची यादी उघडते.
खडी उडाली तर, त्याचा.
वाळू आणि राख, त्यांचा वेगळा.
वाऱ्याने दार उलटं फिरलं तर कुणाचाच नाही,
दार तुमचं, वारा तुमचा.
नाकापेक्षा मोती जड.
हेच मोती मी विकत आलेय,
"घेतलेला बरा" म्हणत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता,
आणि खिडकीपलीकडची तरुण जोडपी एकमेकांकडे बघतात.
आज आम्ही एकमेकांकडे बघतो.
खडीचा घेतो. राखेचा राहू दे.

"दुसरा चालक?"
एवारिश्तू उठतो, पाणी पितो, तांब्याचं भांडं उगाच जागेवरून हलवतो.
एकतीस वर्षं तोच रस्ता,
पहाटेच्या धुक्यात, निळ्या फुलांच्या कुंपणांमधून,
वळणं हातांना पाठ.
डोळे लागतच नाहीत, असं तो गमतीने म्हणायचा.
मार्चपासून म्हणत नाही.
उजव्या डोळ्याबद्दल डॉक्टर काय बोलले ते मला कळलंय,
मला कळलंय हे त्याला कळलेलं नाही,
किंवा कळलंय. इतक्या वर्षांनी काय सांगावं.
"तुझंच नाव घाल," तो म्हणतो,
"दिवसाला अकरा युरो वाचतील."
मी घालते.
अकरा युरो वाचतात.

"गाडी परत कुठे कराल?"
नकाशावरचा रस्ता देशाला वळसा घालून
निघाला तिथेच येऊन मिळतो.
तो खोखो हसतो: एवढे पैसे मोजून
निघालो तिथेच यायचं?
आमच्या बेटाला तर वळसाही नाही,
एक लांबलचक कणा, दोन टोकं,
टोकाला पोचलं की गाडी वळवायला जागा शोधायची.

मी लिहिते: तिथेच.

कार्डाचे आकडे टिपेपर्यंत पान झोपी गेलं.
पुन्हा उघडलं तर भाडं एकोणीस युरोंनी वर.
मी एक शिवी हासडली, आईने ऐकली असती तर चमचा फेकला असता,
आणि पुन्हा पहिल्यापासून:
नाव, जन्मतारीख, परवाना कधीचा.

त्याचं डोकं टेबलावर टेकलेलं.
भुवईवर दाराचा तो व्रण, आमच्या लग्नाच्याही आधीचा.
जुना, मी मनात फुली मारली.
कानामागे कापलेलं, हे मात्र कधीचं?

"तिथे रस्त्यात गायी येतात का गं?"
झोपेतच विचारलं त्याने.
मेंढ्या, म्हटलं. मेंढ्या येतात.
"मग सावकाश घे,"
असं म्हणाला, जणू पुढच्या वळणावर त्या दिसतच होत्या त्याला.