सात परस

कंडक्टरनं टाकीवर बोटानं टकटक केलं.
'गॅस?'
'हवा.'
'नुसती हवा?'
'नुसती.'
त्यानं जिंतूरपर्यंत हवेचं अर्धं तिकीट फाडलं.
हसला नाही.

मी राहते तिथं आठवड्यातून एकदा बोट येते,
तीही समुद्राची मर्जी असेल तर.
खारफुटीमागं पाच झोपड्या, एक जनरेटर,
नकाशावर माशी बसून गेल्यासारखा ठिपका.
महिन्याकाठी सात-आठ माणसं वाट वाकडी करून येतात,
त्यांना मी पाण्याखाली नेते.
पोपटमासा प्रवाळ चावतो तो आवाज ऐकवते:
रात्री गोठ्यात म्हैस कडबा खाते, तसाच,
पण हे त्यांना सांगून उपयोग नसतो.
खोली सांगते मीटरात.
मनात परस मोजते.
अठरा मीटर, दहा परस.

हे माप मुंजाजीमामाचं.
मामा विहिरीत पडलेल्या मोटारी काढतो.
मोटारीचे पाचशे, फुटवॉलचे दोनशे,
घागर असेल तर चहा.
माणसाचे घेत नाही.
कमरेला दोर, तोंडात काही नाही,
साठ आकडे मोजायचे, साठाव्याला वर.
डावा कान एका उन्हाळ्यात सातव्या परसाला गेला,
तेव्हापासून त्याच्याशी बोलायचं तर
उजवीकडं बसावं लागतं.

उजवीकडं बसले.
संक्रांत होऊन गेलेली, बारवेचं पाणी नितळलेलं,
तळाकडं हिरवं होत होत काळं.
'पहिला नियम, मामा. पाण्यात श्वास धरायचा नाही.'
'कामून?'
'फुप्फुस फाटतं. घ्यायचा, सोडायचा. थांबायचं नाही.'
मामानं विडी पायरीवर विझवली,
उरलेली अर्धी कोरड्या दगडावर नीट ठेवली.
'चाळीस वर्सं तेवढंच तर धरलं गं पोरी.
आता धरू काय?'

एका टाकीला दोन नळ्या. एक त्याला, एक मला.
मी त्याचं मनगट धरलं.
दुसऱ्या परसाला तो वर बघू लागला,
स्वतःचे बुडबुडे जाताना,
अगदी तिथल्या पाहुण्यांसारखा.
चौथ्याला भिंतीशी थांबला.
काळ्या पाषाणात पहारीच्या रेघा,
कुणी तरी, कधी तरी, पाण्याच्या आधी ओढलेल्या.
त्यानं एका रेघेत बोट घातलं
आणि काढेचना.
एक मरळ आमच्या मधून गेली, वाट न विचारता.
मी काटा पाहिला. एकशेवीस.

सातव्याला गाळ.
इथं त्याचे हात नेहमी चाचपत असणार,
कडी, पाइप, दोराचं टोक.
आज त्यानं ते पाठीमागं बांधले होते,
लग्नात लांबून पंगत बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखे.
दक्षिणेकडं एक कोनाडा.
त्यात काहीच नव्हतं.
मी बॅटरी फिरवून पुन्हा पाहिलं, काहीच नव्हतं.
मामा त्याच्यापुढं तरंगत राहिला.
घेतला, सोडला. घेतला, सोडला.
नियम चुकला नाही.

वर आलो. ऊन दुसऱ्या पायरीवर सरकलेलं.
विडी पेटेना, त्याचे हात ओले.
'लई हवा आसली ना,
की माणूस बगत बसतंय.'
मग बराच वेळ पारव्यांचंच घुमणं.
'त्या कोनाड्यातून मी सटवाजीची लेक काढली व्हती.
डोळे मिटून काढली.
साठ आकड्यांत डोळे उघडायला येळ नसतो,
आसं समद्यायला सांगत आलो.'

काडी पेटली, विझली.

'येळ व्हता.'

टाकीत अजून साठ बाकी होते.
मी काटा उलटा करून ठेवला, दगडाकडं,
त्याला दिसू नये असा.